हरिश्चंद्राची गोदा पुसते

गोदा मांडवकरशी वाकडं बोलून कुणी सुखानं भाकरी खाल्ली नाही, असं आमच्या वाडीत म्हणत. त्यात अतिशयोक्ती नव्हती. जयगडच्या रस्त्याला लागून तिची पिठाची गिरण होती, आणि गिरणीचा दगड किती घट्ट बसवायचा हे तिच्या हातात होतं. वरच्या आळीतली एक बाई एकदा चारचौघांत म्हणाली, की गोदाच्या गिरणीतल्या पिठाला डिझेलचा वास येतो. त्यानंतर त्या बाईचं तांदळाचं पीठ कायम रवाळ निघू लागलं. भाकरी थापताना कडा फाटायच्या. मी गोदाला विचारलं, तर म्हणाली, "दगड झिजलाय, बाई."

"मग माझं पीठ मऊ कसं?"

"तुमच्यासाठी वेगळा झिजतो."

बाई म्हणजे मी. शाळेत शिकवून निवृत्त झाले तरी वाडीत सगळे मला बाईच म्हणत. यजमान गेल्यावर कलमांच्या बागेतल्या घरी मी एकटीच राहत होते, आणि दळणाच्या निमित्ताने गोदाच्या ओट्यावर माझी बरीच दुपार जाई. तिची ओळख मला गिरणीवालीपेक्षा कवी म्हणून जास्त होती. गिरणीच्या आवाजात ती मोठ्यानं गाणी रचायची, कारण त्या आवाजात शेजारी उभ्या माणसालाही शब्द ऐकू येत नसत. पट्टा थांबला की ती गप्प. केसांवर, भुवयांवर पीठ, आणि ओठ मात्र हलत असायचे.

ती गाणी जाखडीची. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: गणपतीच्या दिवसांत पुरुष पायात चाळ बांधून गोल फेर धरतात, मधोमध ढोलकी-झांज घेऊन शाहीर, म्हणजे बुवा, बसतो आणि गातो. सामना असला की दोन पार्ट्या समोरासमोर येतात. एक शिवाची बाजू घेणारे तुरेवाले, दुसरे शक्तीवाले. तुरेवाल्यांच्या ढोलकीला तुरा बांधलेला असतो, शक्तीवाल्यांच्या ढोलकीला कलगी; तेच त्यांचं निशाण. एक बुवा गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्यानं ते गाण्यातूनच सोडवायचं. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते रचणाऱ्याचं नाव येतं. ते नाव म्हणजे गाण्याचा सातबारा.

गोदाचं माहेर अंजनवेलकडचं. बाप मृदंग वाजवायचा. मुलींनी फेरात जायचं नाही, म्हणून ती फेराच्या मागे बसून शिकली. लग्न झालं ते हरिश्चंद्राशी. तो दिवसभर चिरेखाणीत जांभा दगड कापायचा आणि गणपतीत आमच्या तुरेवाल्या मंडळाचा बुवा असायचा. गळा त्याचा, शब्द गोदाचे. हरिश्चंद्र सरळ माणूस होता. गाण्याच्या शेवटी तो न चुकता "हरिश्चंद्राची गोदा" असं नाव घ्यायचा. लोक हसायचे, बायकोचं नाव गातो म्हणायचे. तो म्हणायचा, "तिची गानी तिच्या नावानं नको गाऊ, तर काय तुमच्या नावानं गाऊ?"

त्यांना मूल झालं नाही. सासू गेली तेव्हा धाकटा दीर सुहास लहान होता. त्याला गोदानंच वाढवला, न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवला, आणि गळा आहे असं दिसल्यावर गिरणीच्या ओट्यावर बसवून गाणंही शिकवलं. सुहास दिसायला देखणा आणि आवाजाचा गोड निघाला. हरिश्चंद्र गेल्यावर मंडळाने त्यालाच बुवा केलं. दीर बुवा झाला त्या वर्षी गोदाने त्याच्यासाठी एक कोडं रचलं. ते पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ असल्यामुळे इथे देते.

आईच्या पोटात लोण्यावाणी, वारा लागून वज्र झाला
कापून आईला काढला बाहेर, तिच्याच उरावर उभा राहिला
ना त्याला बाप, ना त्याला बारसं, तरी घरोघरी त्याचा मान
सांग शाहिरा नाव तयाचं, नाहीतर खाली ठेव निशाण
हरिश्चंद्राची गोदा पुसते, आहे का कुणाला भान

आता यातली एक रीत समजून घेतली पाहिजे. कोडं बुवाला द्यायचं, पण त्याची उकल रचणाऱ्यानं स्वतःपाशी ठेवायची. वाड्यावाड्यांतून सोयरिकी असतात, कुणाची बहीण शक्तीवाल्यांकडे दिलेली असते, उकल फुटायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या सामन्यात उकल सांगावी लागेल असं वाटेल, त्याच्या आदल्या दिवशी ती बुवाला पाठ करून द्यायची. त्या वर्षी तशी वेळ आली नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, सुहास नोकरी बघायला म्हणून मुंबईला गेला आणि त्याने एका कॅसेटवाल्याकडे गाणी भरली.

कॅसेट मीच आणली होती, रत्नागिरीच्या बाजारातून. वर सुहासचा फेटा बांधलेला फोटो होता. मला वाटलं, गोदाला आनंद होईल. तिला घरी बोलावलं, चहा केला आणि टेपरेकॉर्डर लावला. ढोलकी छान वाजत होती. गोदा मांडी घालून मान डोलवत ऐकत होती. कोड्याचं गाणं आलं आणि शेवटच्या ओळीला सुहासचा गोड आवाज म्हणाला, "शाहीर सुहास सवाल पुसतो, आहे का कुणाला भान."

गोदाची मान थांबली. तिने मला ती ओळ परत लावायला सांगितली. मग बाकीची गाणी. सगळ्या गाण्यांच्या शेवटी शाहीर सुहास होता. हरिश्चंद्राचंही नाव कुठे राहिलं नव्हतं. ती उठली, कपबशी विसळून ठेवली आणि निघाली. दारात म्हणाली, "आवाज चांगला लागलाय."

आधी ती रीतसर मार्गानं गेली. मंडळाच्या जाणत्या माणसांना तिने बसवून सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं, की दीर म्हणजे मुलगाच, घरातलं घरात आहे. एकाने तर तिला समजावलं, की मुंबईच्या कॅसेटीवर बायकांचं नाव घातलं तर विकली जाईल का? गणपतीला सुहास गावी आला तेव्हा तिच्या पाया पडला आणि साडी पुढे केली. नावाविषयी तो चकार शब्द बोलला नाही. गोदाने साडी घेतली आणि तिची गिरणीतली फडकी केली. पट्ट्याजवळ ती फडकी लटकत असत. येणारा-जाणारा विचारी, एवढी चांगली साडी फाडलीस? ती म्हणे, "दिराची भेट हाय. रोज हाताशी असावी."

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढले. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, असं सिस्टर आम्हाला शिकवायच्या. गोदाला मी तसं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना दीर नसतात, बाई."

खरं सांगायचं तर मी पुढे फारसा वादही घातला नाही.

सुहासचं नाव मात्र वाढत गेलं. ते कोडं गाजलं. वज्र म्हटल्यावर, आईच्या पोटातून म्हटल्यावर सगळे बुवा पोथ्या उघडून बसले. कुणी म्हणालं, दितीच्या पोटातले मरुत. इंद्राने गर्भ कापला, वाराही आला. कुणी म्हणालं हनुमान. कुणी गांधारीच्या नजरेनं वज्र झालेला दुर्योधन काढला. प्रत्येकाला सुहास झांज वाजवून हसत म्हणायचा, "चुकलंस, शाहिरा." कारण मान्य केलं तर कोडं संपलं, आणि त्याचं सगळं नाव त्या न सुटलेल्या कोड्यावर उभं होतं.

एका शिमग्याला तो गिरणीवर आला. मी ओट्यावरच बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वैनी, त्या कोड्याची उकल तू केली होतीस ना गाण्यात?"

गोदाने पट्टा चालू केला. मग त्याच्या कानाशी वाकून, हे तिनेच मला मागाहून सांगितलं, म्हणाली, "कोडं तुजं ना? वर तुजा फोटू हाय."

त्याचा चेहरा उतरला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की याला उकल माहीतच नसावी. खात्री पटली ती जयगडला.

जयगडच्या एका सार्वजनिक गणपतीत दुपारचा कार्यक्रम होता. गोदा आणि मी बायकांत मागे बसलो होतो. सुहासने कोडं गायलं. समोरचा बुवा डोकं खाजवत होता. एवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी कोळीण, मासे विकून पाटी तशीच बाजूला ठेवलेली, हात हलवत ओरडली, "अरे चिरा तो! जांभ्याचा चिरा! खानीत मऊ आन भायेर काढला की टनक. माज्या घराला काय दुसरा लावलाय?"

मांडव हसला. सुहास तर पोट धरून हसला. माईकवर म्हणाला, "आजी, हे पुराणातलं कोडं हाय, पाटीतलं नाय. चुकलीस." आणि ढोलकीवाल्याने थाप मारली.

गोदाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. हरिश्चंद्र खाणीतून घरी यायचा तेव्हा अंगावर तांबडी धूळ असायची, आणि तो बायकोला सांगायचा, की जांभा जमिनीच्या पोटात सुऱ्यानं कापावा इतका मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. आणि त्याच जमिनीवर त्याची घरं उभी राहतात. गोदाने नवऱ्याच्या हातचं काम कोड्यात घातलं होतं. आमच्या प्रत्येकाच्या पाठीमागे जी भिंत असते, ती उकल होती. आणि सुहासने ती भर मांडवात चूक ठरवली.

परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटलं, उभी राहून सांगायचं होतंस. तिने मान हलवली. "आता सांगितलं तर लोक म्हनतील, कोळनीचं आयकून सांगते. त्याला अजून नाय म्हनू दे. जेवडं नाय म्हनंल तेवडं त्याचंच दार बंद व्हतं."

आणि सुहासने ते केलं, तिने सांगितल्यासारखं. दुसऱ्या कॅसेटीत त्याने प्रतिस्पर्ध्यांना चिडवण्यासाठी एक गाणंच भरलं. मरुत नाही, हनुमान नाही, दुर्योधन नाही, कार्तिकेय नाही, असं एकेक उत्तर घेऊन त्याने त्याची टिंगल केली होती. शेवटी विनोद म्हणून कोळणीचा चिराही घातला. कॅसेट माझ्याकडे ऐकताना गोदा इतकी हसली, की तिला ठसका लागला. हरिश्चंद्र गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, परत लावा. ह्यो माजा दीर किती हुशार हाय बगा."

आता फक्त एक गोष्ट राहिली होती, आणि तीच अवघड होती. उत्तर चुकलं तर कोडं घालणाऱ्याने उकल सांगितलीच पाहिजे असं नाही, तो ती राखून ठेवू शकतो. पण समोरच्या बुवाने ढोलकी उलटी ठेवून, निशाण सोडून, हात जोडून "हरलो" म्हटलं, तर मात्र कोडं घालणाऱ्याने तिथल्या तिथे उकल केलीच पाहिजे. नाही केली तर त्याचं निशाण जातं. केली तर हरलेल्याची कलगी त्याची, आणि हरलेल्याच्या मंडळाने पुढे नमनात त्याला गुरू म्हणून नमन करायचं. म्हणून "हरलो" असं कुणी कधी म्हणत नाही. चुकीचं उत्तर देऊन हसं झालेलं परवडतं, गुरू बदललेला परवडत नाही. आमच्या भागात कितीतरी वर्षांत कुणी ढोलकी उलटी ठेवली नव्हती.

गोदाला हरणारा माणूस हवा होता. ती गेली ती थेट सावर्ड्याला, जानूबुवाकडे.

जानूबुवा म्हणजे शक्तीवाल्यांचा जुना बुवा आणि हरिश्चंद्राचा जन्माचा वैरी. दोघे समोरासमोर आले की ऐकायला गावंच्या गावं लोटायची. जानूबुवा बहुतेक वेळा हरायचा, आणि कुणाच्या शब्दांनी हरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आम्ही गेलो तेव्हा तो पडवीत बसून शिमग्यात सोंगं नाचवणाऱ्या खेळ्यांसाठी रावणाचा लाकडी मुखवटा रंगवत होता. तो त्याचा जोडधंदा होता. अर्ध्या रावणाला मिशा फुटल्या होत्या, अर्धा अजून कोरा होता.

गोदाला बघून त्याने ब्रश खाली ठेवला नाही. "हरिश्चंद्राची बायको माज्या दारात? आता काय ऱ्हायलंय माजं हरवायचं?"

"तेच सांगायला आलेय, जानूबुवा. तुमाला एकदा हरायचं हाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू शहाणं माणूस मीच एक आहे. गोदाने त्याला सगळं सांगितलं. सुहासशी सामना घ्या, ते कोडं त्याला घालू द्या, आणि ढोलकी उलटी ठेवा.

जानूबुवा रावणाची मिशी रंगवत राहिला. मग त्याने विचारलं, "आन त्यानं उकल सांगितली तर? माज्या पोरांनी त्या बोडक्याला गुरू म्हनून गायचा?"

"त्याला येत नाय."

"तुला काय म्हाईत?"

"जयगडला येकीनं बरोबर सांगितलं. तो चूक म्हनाला."

"काय सांगितलं?"

"ते इचारायचं नाय."

जानूबुवा हसला. दात फार उरले नव्हते. "म्हंजे उकल मला नाय, त्याला नाय. निस्तं तुज्या शब्दावर मी माजी कलगी सोडायची. तुज्या नवऱ्यानं मला चिपळूनात रडवला होता, ठाऊक हाय ना?"

"त्यानं नाय," गोदा म्हणाली. "मी."

मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलून देणार. पण त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि रावणाकडे बघत म्हणाला, की हरिश्चंद्र त्याचा वैरी होता, पण त्याने बायकोचं नाव कधी खाल्लं नाही. आपल्याला पाडणारं नाव कुठलं, हे वैऱ्याला माहीत असावं लागतं, नाहीतर वैर कुणाशी करायचं? मग तो म्हणाला, "गणपती होऊ देत. शहरात घेऊ सामना. मला आता रातचं दिसत नाय, दुपारचा ठेवा."

सामना २००४ साली झाला, रत्नागिरीतल्या एका नाट्यगृहात, रविवारी दुपारी. सुहासला शंका यायचं कारण नव्हतं. म्हाताऱ्या जानूबुवाला हरवायला मिळतंय, याचाच त्याला आनंद. नाट्यगृह भरलं होतं. मुंबईहून गणपतीला आलेली मंडळी परतीची गाडी चुकवून थांबली होती. गोदा पहिल्याच रांगेत कडेला बसली. लुगडं कडक इस्त्रीचं, आणि भुवयांवर पिठाचा कणही नाही. मला ती अनोळखी वाटली.

नमन झालं, गण झाला. सुहासने थोडा वेळ इकडची तिकडची गाणी गायली आणि मग तो ज्याची सगळे वाट पाहत होते त्या कोड्याकडे वळला. फेर थांबला. तो सुंदर गायला, हे नाकारता येणार नाही. "शाहीर सुहास सवाल पुसतो" म्हणताना त्याने जानूबुवाकडे हात केला, आणि टाळ्या पडल्या.

जानूबुवा उठला. त्याच्या मुलांना वाटलं, बुवा आता उत्तर गाणार, म्हणून झांजवाला तयार झाला. बुवाने झांजवाल्याला थांबवलं. ढोलकीची कलगी सोडली, घट्ट गाठ सुटायला वेळ लागला. मग त्याने ढोलकी उलटी ठेवली, कलगी तिच्यावर ठेवली आणि हात जोडले. "हरलो," तो म्हणाला. "आता तू उकल कर."

सुहास आधी हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याने उलटी ढोलकी पाहिली आणि हसू गेलं. तो म्हणाला, बुवा, वयाचा मान आहे, कलगी उचला, मी उकल राखून ठेवतो. जानूबुवाने नुसती मान हलवली. मागून कुणीतरी मुंबईकर ओरडला, "राखायची नाय, रीत हाय!" मग सगळेच म्हणू लागले, उकल, उकल.

सुहासने ढोलकीवाल्याकडे पाहिलं, टाळकऱ्यांकडे पाहिलं. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "दितीच्या पोटातले मरुत."

"ते चिपळूनला येकानं म्हनलेलं," जानूबुवा म्हणाला. "तू चुकलंस म्हनालास."

लोक हसले. सुहास म्हणाला, मग हनुमान. यावर जानूबुवाला बोलावंही लागलं नाही. बाल्कनीतून चार-पाच जणांनी मिळून त्याच्याच कॅसेटीतली ओळ त्याच्याच चालीत म्हटली, "हनुमान नाही रे, हनुमान नाही." आणि मग सगळं नाट्यगृह तालात टाळ्या वाजवत ते गाणं म्हणू लागलं. दुर्योधन नाही, कार्तिकेय नाही. त्याने पाच-सहा वर्षं जी जी दारं दुसऱ्यांच्या तोंडावर लावली होती, ती आता आतून उघडत नव्हती. मी त्या वेळी गोदाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. मी वाजवत होते.

गाणं थांबलं तेव्हा सुहास तसाच उभा होता. मग त्याची नजर पहिल्या रांगेवर आली. माईक तोंडाशी होता, हे तो विसरला असावा. "वैनी," तो म्हणाला, "तू सांग."

सगळ्या माना वळल्या. गोदा बसल्या जागेवरून म्हणाली, "मी कशाला सांगू? कोनाचं कोडं हाय ते?"

ती थांबली. साडीच्या फडक्यांसारखी ती कितीही वेळ लटकून राहू शकत होती, हे त्याला माहीत असणार. शेवटी तो हळूच म्हणाला, "तुजं."

"आयकू नाय आलं. कॅसेटीत गातोस तसं गा."

आणि सुहास गायला. ढोलकी नाही, झांज नाही, कोऱ्या आवाजात त्याने शेवटची ओळ म्हटली. "हरिश्चंद्राची गोदा पुसते, आहे का कुणाला भान." आवाज फाटला, पण शब्द सगळे आले.

गोदा उठली. स्टेजच्या पायऱ्या चढून ती जानूबुवापाशी गेली आणि त्याच्या कानाशी वाकली. वादाचा प्रसंग आला तर उकल समोरच्या पार्टीच्या बुवाच्या कानात सांगायची, त्याने बरोबर म्हटलं की ती लागली, अशीही एक रीत आहे. जानूबुवा ऐकत होता. मग त्याने डोळे मोठे केले, पायाखाली पाहिलं, मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि इतका हसला, की त्याच्या मुलांना त्याला धरून बसवावं लागलं. "बरोबर हाय," तो म्हणाला. "बरोबर हाय. मेल्या हरिश्चंद्रानं मरूनपन हरवला मला." मग कलगी उचलून त्याने गोदाच्या हातात दिली आणि म्हणाला, "हरलो ते हिच्याशी. माजी पोरं हिचं नाव गातील."

तुरा सोडायला सुहासला कुणी सांगितलं नाही. त्याने तो स्वतःच सोडला. गोदापुढे धरला तेव्हा तिने तो घेतला, पिशवीत टाकला. लोक उकल सांगा म्हणून ओरडत होते. ती माईकजवळ गेली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "ज्याला हवी त्यानं शोदावी. कोडं माजं हाय." आणि खाली उतरली.

त्या वर्षापासून शक्तीवाल्यांच्या एका मंडळात नमनाला तुरेवाल्या गोदाचं नाव घेतात. असं दुसरीकडे कुठे घडलेलं माझ्या ऐकिवात नाही. जानूबुवा पुढच्या पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत त्याने उकल कुणाला सांगितली नाही, पोटच्या मुलांनाही नाही. सुहासने गाणं सोडलं. कॅसेटवाल्यांनी त्याला विचारणं बंद केलं होतंच. जयगडच्या बंदरावर त्याला काम मिळालं आणि तो गावीच राहिला. गोदाशी तो बोलत नसे. ती बोलत असे. रस्त्यात दिसला की हटकून विचारी, "काय शाहीर, सापडलं का?" मी एकदा म्हटलं, पुरे झालं आता. तिने माझं दळण मापून पिपात ओतलं आणि म्हणाली, की पुरे कधी झालं हे ज्याचं गेलं त्यानं ठरवायचं.

गेल्या वर्षी सुहासने वाडीतच घर बांधलं. वास्तुशांतीला त्याने गोदालाही बोलावलं. त्याच्या बायकोनेच आग्रह केला असावा. आम्ही दोघी गेलो. भिंती उभ्या होत्या, गिलावा व्हायचा होता. तांबडे, ताजे, कोपरे धरलेले चिरे, ओळीत ओळ. गोदा दारात थांबली. तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. खाणीतून आलेल्या नवऱ्याच्या पाठीवर बायको हात ठेवते तसा. मग सुहासकडे वळून म्हणाली, "चिरा चांगला आनलास. येवड्यात गिलावा नको करू. वारा लागू दे."

"हो, वैनी," सुहास म्हणाला. "गवंडीपन तेच म्हनाला." आणि तो पाटावर पूजेला जाऊन बसला.

मी गोदाकडे पाहिलं. ती त्या घरात प्रसादाला बसली, दोनदा शिरा मागून घेतला.

उकल मी कधी बाहेर काढणार नाही, असा शब्द मी तिला जयगडहून येताना दिला होता आणि तो पाळला. ही हकिगत लिहायला घेतली तेव्हा मी आधी गिरणीवर जाऊन तिला विचारलं. ती पीठ चाळत होती. सुहासचं घर पूर्ण झालं का, असं तिने आधी विचारलं. मी म्हटलं, झालं, आतून गिलावा झाला, रंग झाला, बाहेरून मात्र चिरा तसाच उघडा ठेवलाय, शोभेसाठी.

"मग लिवा," गोदा म्हणाली. "वाचता येतं त्याला. मीच शाळेत घातलेला."